पंचहो, ती यादी मागे घ्या

आपल्या मंडळीचे पाळकसाहेब आणि पंच कमिटीचे सर्व सभासद यांना खुलं पत्र

सन्माननीय पाळकसाहेब आणि पंचहो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मागच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे मेजावरची भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, आधी, सेक्रेटरींनी व्यासपीठावरून एक यादी वाचली. बारा महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या कुटुंबांची ती यादी होती आणि प्रत्येक नावापुढे रक्कमही वाचली गेली. मग सांगण्यात आलं की थकबाकी भरेपर्यंत या कुटुंबांनी प्रभुभोजनाला पुढे येऊ नये, त्यांची नावं मंडळीच्या मतदार यादीत राहणार नाहीत आणि कबरस्तानात जागेसाठी त्यांचा अर्ज घेतला जाणार नाही. तो कागद त्याच दिवशी दारातल्या फलकावर लागला. अजून तिथेच आहे.

माझं नाव त्यात नाही. माझी वर्गणी डिसेंबरपर्यंत भरलेली आहे, पावती घरात आहे. 'हिचीच थकली असेल, म्हणून बोलते' असं कुणी म्हणू नये, म्हणून हे आधी सांगितलं.

माझा बाप्तिस्मा या मंडळीत झाला, दृढीकरण इथे झालं, लग्न इथे लागलं. माझे वडील आपल्याच कबरस्तानात निजले आहेत. बावीस वर्षं मी इथे संडे स्कूल घेते. आज कमिटीत बसणाऱ्या तुमच्यापैकी दोघांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची सहासष्ट पुस्तकांची नावं माझ्यासमोर उभं राहून पाठ म्हटली आहेत. परकी बाई बाहेरून दगड मारते आहे, असं कृपा करून समजू नका.

त्या रविवारी माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, ते आधीच खूप ठिकाणी वाचून झालंय. सिडकोतून दोन बस बदलून येतात. मिस्टर गेल्यापासून चार घरी पोळ्या करतात. गुडघ्यांमुळे वर्षभरात त्यातली दोन घरं सुटली. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड दर महिन्याला त्या घरी नेतात, नीळ घालून धुतात, इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात. त्याही रविवारी कापड त्यांनीच आणलं होतं. दानाची थैली आली तेव्हा त्यांनी पदराची गाठ सोडली, दहाची घडी केलेली नोट आत टाकली आणि गाठ पुन्हा बांधली. त्यानंतर यादी वाचली गेली. त्यांचं नाव सातवं होतं.

नाव ऐकल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मांडीवर उघडं असलेलं उपासना संगीताचं पुस्तक मिटलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. आमच्या ओळीची पाळी आली तशी सगळी ओळ उठली. त्या बसून राहिल्या. मला जाता यावं म्हणून त्यांनी ते दुखरे गुडघे एका बाजूला वळवले.

आणि मी गेले. त्यांच्या गुडघ्यांना ओलांडून पुढे गेले, त्यांनी धुतलेल्या कापडावरची भाकर घेतली आणि परत येऊन त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवसापासून मला झोप नाही. तुमच्यावर बोट ठेवण्याआधी माझं स्वतःचं हे पाप मी सगळ्यांसमोर कबूल करते. मी तेव्हाच खाली बसायला हवं होतं.

हे पत्र चव्हाट्यावर का, असं तुम्ही विचाराल. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे. आधी एकट्याने जाऊन बोलावं, न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावं, तरी न ऐकल्यास मंडळीला सांगावं. मी त्याच आठवड्यात सेक्रेटरींच्या घरी एकटी गेले. 'ठराव झालाय, आता काही होणार नाही' असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात महिला संघातल्या दोघींना घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब, तुम्ही आम्हाला चहा दिलात, आमचं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात की कमिटीपुढे माझा इलाज नाही. आता तिसरी पायरी उरली. मंडळीला सांगते आहे.

आता ठरावाकडे येते.

फलकावरच्या कागदाच्या शेवटी वचनाचा दाखला आहे: पहिले करिंथ, अध्याय ११, वचन २७. जो कोणी अयोग्य प्रकारे भाकर खाईल किंवा प्याल्यातून पिईल तो प्रभूच्या शरीराविषयी व रक्ताविषयी दोषी ठरेल, असं ते वचन. म्हणजे वर्गणी थकवणारा तो अयोग्य, असा तुमचा अर्थ. पंचहो, तुम्ही सत्ताविसावं वचन घेतलंत. त्याच अध्यायातलं विसावं, एकविसावं, बाविसावं वाचलंत का?

करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन म्हणजे खरोखरचं जेवण असे, सगळी मंडळी एकत्र बसून करायची. ज्यांच्या घरी भरपूर ते डबे घेऊन लवकर यायचे आणि खाऊन मोकळे व्हायचे. मजूर आणि गुलाम काम आटोपून उशिरा पोचत असावेत, तोवर टोपल्या रिकाम्या. त्या मंडळीला हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, एक भुकेला राहतो आणि दुसरा झिंगतो. मग तो रागाने विचारतो की तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता का आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता का. हा त्या अध्यायातला गुन्हा आहे. 'अयोग्य प्रकारे' खाणं म्हणजे गरिबाला लाज आणून खाणं. पौलाने ज्यांना दोषी धरलं ते पोट भरून आलेले लोक होते. उशिरा आलेल्या उपाशी मजुराला तो एका शब्दाने बोलत नाही. आपण मात्र त्याच अध्यायातलं वचन काढून मजुरालाच मेजापासून उठवलं. प्रभूच्या मेजासमोर, नाव घेऊन, रक्कम सांगून लाजवलं. त्या सत्ताविसाव्या वचनाचं बोट त्या रविवारी यादीतल्या माणसांकडे नव्हतं, ते आपल्याकडे होतं. उठून भाकर घेणाऱ्या माझ्याकडेही होतं.

आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री मेजावर कोण कोण होतं, तेही लूकने लिहून ठेवलंय. मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे, असं प्रभू म्हणाला. यहूदाला त्याने उठवलं नाही, आणि पोळ्या करणाऱ्या बाईला आपण बसवून ठेवलं.

मंडळीत शिस्त नसावी, असं माझं म्हणणं नाही. पौलाने करिंथमध्ये एका माणसाला बाहेर काढायला सांगितलं, पण ते बापाच्या बायकोशी संबंध ठेवल्यामुळे. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात कुणाच्या पंगतीला बसू नये याची यादी आहे. तिच्यात लोभी आहे, चहाडखोर आहे, दारुडा आहे, लुबाडणारा आहे. काम सुटलेला नाही.

दुसरं वचन तुम्ही वार्षिक सभेत नेहमी वाचता, मलाखी ३:१०. सगळा दशमांश भांडारात आणा. त्याच अध्यायात पाच वचनं आधी, ३:५ मध्ये, देव म्हणतो की मजुराची मजुरी अडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथ यांच्यावर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध मी साक्ष द्यायला येईन. आणि दशमांश होता तरी कशासाठी? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात लिहिलंय, दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवावा आणि मंदिराची सेवा करणारा लेवी, परका, अनाथ व विधवा यांनी येऊन पोटभर खावं. म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मावशी देणेकरी नाहीत, मावशींचं आपल्याकडे येणं आहे.

नियमशास्त्र ऐपत पाहतं. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत, तेही जमत नसेल तर थोडं पीठ. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी हेच पक्ष्यांचं अर्पण दिलं, असं लूक सांगतो. आपल्या तारणाऱ्याच्या आईबापांना कोकरू परवडलं नव्हतं. आपल्या फलकावर त्यांचं नाव कितवं आलं असतं?

मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवा तर आपण पोरांना दरवर्षी शिकवतो. दोन टोल्या म्हणजे एक दमडी. प्रभू भांडारासमोर बसून कोण किती टाकतो ते पाहत होता आणि त्याच्या हिशेबात सगळ्यांत मोठी रक्कम तिची निघाली. त्या गोष्टीच्या लगेच आधीच्या वचनात तो शास्त्र्यांना विधवांची घरं गिळणारे म्हणतो, हे आपण पोरांना शिकवत नाही. मीही शिकवलेलं नाही. यंदा शिकवणार आहे.

माझे वडील या मंडळीचे नऊ वर्षं खजिनदार होते. त्यांची लाल पुठ्ठ्याची वर्गणीची वही माझ्याकडे आहे. सातपूरच्या कारखान्यांत टाळेबंदी झाली त्या काळात वहीतल्या बऱ्याच नावांपुढे पेन्सिलने बारीक अक्षरात 'माफ' लिहिलेलं आहे. कुठे कुठे वडिलांच्या स्वतःच्या नावापुढे दुप्पट रक्कम आहे आणि वर लहानसा बाण, कुणाच्या तरी ओळीकडे गेलेला. हे घरात आईलाही माहीत नव्हतं, वही उघडली तेव्हा आम्हाला कळलं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे त्यांनी व्यासपीठावरून कधी सांगितलं नाही. ही वही कमिटीतल्या कुणालाही बघायची असेल तर माझ्या घरी या, मी दाखवीन.

कबरस्तानाचं लिहिताना हात जड होतो. मागच्या पावसाळ्यात आपल्या एका कुटुंबातले वडील गेले. कबर खोदायचं पत्र मिळवण्यासाठी मुलाला आधी थकबाकी भरायला लागली. घरात मयत, बाहेर पाऊस, आणि मुलगा ऑफिसच्या टेबलापाशी उभा राहून शेजाऱ्यांकडून गोळा केलेल्या नोटा मोजत होता. शंभराच्या नोटा ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. मी तिथे होते. पावती लिहून होईपर्यंत कुणी त्याला बसायला खुर्चीही दिली नाही. ज्या प्रभूचं नाव आपण कबरेवर कोरतो, त्याला स्वतःची कबर नव्हती. अरिमथाईच्या योसेफाने आपली दिली. सन १९७ च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने ख्रिस्ती लोक पैशाचं काय करतात ते लिहून ठेवलं आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक जण इच्छा असेल तर आणि ऐपत असेल तर थोडंसं टाकतो, सक्ती कुणावर नाही, आणि तो पैसा गरिबांना जेवू घालायला व त्यांना पुरायला जातो. म्हणजे मासिक वर्गणी अठराशे वर्षांपूर्वीही होती आणि ती गरिबाला माती मिळावी म्हणूनच होती.

आता हंगामाच्या सणाचा लिलाव. मला तो सण लहानपणापासून आवडतो. वेदीपाशी रचलेले ऊस, फ्लॉवर, कांद्याच्या माळा, द्राक्षांचे घड, तो वास अजून नाकात आहे. पण गेल्या सणाला द्राक्षांचा एक घड अकरा हजारांना गेला, टाळ्या झाल्या, घेणाऱ्यांचं नाव तीनदा पुकारलं, फोटो निघाला. त्याच टोपलीशेजारी मावशींनी आणलेली मेथीची जुडी होती. ती पुकारलीच नाही. पुढच्या दोन ओळींतल्या खुर्च्यांवर नावांचे कागद चिकटवलेले असतात. पंख्यांवर नावं, घड्याळावर नाव, बाकांवर नावं. सोन्याची अंगठी घातलेल्याला 'इथे बसा' आणि फाटक्या कपड्यातल्याला 'तू तिथे उभा राहा' म्हणणाऱ्यांना याकोब दुसऱ्या अध्यायात दुष्ट विचारांचे न्यायाधीश म्हणतो. देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांच्यामुळे छप्पर गळायचं थांबलं, आणि त्यातले काही जण फार चांगली माणसं आहेत. त्यांनाही विचारून बघा, आपलं नाव पंख्यावर फिरावं असं त्यांना खरंच वाटतं का.

हे सगळं नाशिकमध्ये व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. इथे १८३२ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं आणि पुढे शरणपूर वसलं. शरण आलेल्यांचं गाव, नावातच आहे. घरादाराने, जातीने टाकलेली माणसं तिथे राहिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं तिथे वाढली, कामधंदा शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याने शवपेटीला हात दिला. त्या पोरांकडे वर्गणीला काय होतं?

याच शहरात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. देवाच्या दारात माणसं वर्षानुवर्षं उभी राहिली आणि दार उघडलं नाही. आपल्यातल्या बहुतेकांचे पणजोबा त्याच उभ्या राहिलेल्या माणसांचे भाऊबंद होते. मिशनच्या शाळेत ते आले ते एका सतरंजीवर बसायला मिळालं म्हणून. माझी पणजी सांगायची, असं आजी सांगायची, की पहिल्यांदा एकाच प्याल्याला तोंड लावलं तेव्हा ती रडली होती. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांनीच कुणाच्या तरी तोंडासमोरून प्याला काढून घ्यावा, हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात आलेली प्रत्येक वस्तू धुतली जायची. त्यातून बाहेर पडून त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. एवढं ओलांडून माणसं ज्या मेजापाशी आली, त्या मेजाभोवती आपण आता पावतीचं सोवळं आणलं आहे. पावती असलेला शुद्ध, नसलेल्याने लांब बसावं.

हिशेबाबद्दल थोडक्यात. तीन वर्षं ऑडिट झालेला जमाखर्च मंडळीपुढे आलेला नाही. दर सभेत 'पुढच्या वेळी' ऐकतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेले पैसे नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कारण देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा, असं तो दुसऱ्या करिंथच्या आठव्या अध्यायात लिहितो. पौलाला जे गरजेचं वाटलं ते आपल्याला का नको? कुणी पैसे खाल्ले, असा आरोप मी करत नाही. तसं मला वाटतही नाही. पण ज्यांची थकबाकी पै-पैने वाचून दाखवली, त्यांना जमा रकमेचं काय झालं हे कळायला नको? काहींनी मला धर्मादाय आयुक्तांकडे जायचा सल्ला दिला. मी गेलेले नाही. भावाने भावावर बाहेर फिर्याद करू नये, हे वचन मला अजून बांधून ठेवतं. त्याचा फायदा घेऊ नका.

कमिटीची अडचण मला कळते. पाळकसाहेबांचा पगार वेळेवर व्हायला हवा, कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे हेही शास्त्रच सांगतं. लाइट बिल आहे, कंपाउंडची भिंत पडायला आली आहे. ज्यांना परवडतं आणि तरी जे देत नाहीत, असेही आपल्यात आहेत, त्यांच्याशी बोलायलाच हवं. पण घरी जाऊन, दार लावून, चहा घेत बोला. यादीतल्या किती घरी तुमच्यापैकी कुणी गेलं होतं? मी अकरा घरी जाऊन आले. एका घरीही कमिटीतलं कुणी आलेलं नव्हतं. एका घरी नोकरी गेलेली आहे, दोन घरी डायलिसिस चालू आहे, एका घरातला कर्ता दारूत बुडालाय आणि बायकोने वर्गणीचे पैसे मुलांच्या फीला घातले. आंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदीयातल्या भावांना मदत पाठवली ती प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. आणि यरुशलेमात विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी विधवांची यादी लावली नाही. सात चांगली माणसं नेमली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

फलकावरची यादी या आठवड्यात काढा. ज्या व्यासपीठावरून नावं वाचली, त्याच व्यासपीठावरून, येत्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी, ठराव मागे घेतल्याचं सांगा आणि त्या कुटुंबांची क्षमा मागा.

प्रभुभोजन, बाप्तिस्मा आणि कबर यांचा वर्गणीशी कधीही संबंध जोडला जाणार नाही, असं मंडळीच्या नियमांत लेखी घाला. कुणाच्याही देण्याची रक्कम, जास्त असो की कमी, जाहीर वाचू नका. लिलावात नावं पुकारणं बंद करा, खुर्च्यांवरचे कागद काढा.

तीन वर्षांचा ऑडिट झालेला हिशेब दारातल्या त्याच फलकावर लावा.

आणि जमा होणाऱ्या दानातला ठरावीक हिस्सा विधवा, आजारी आणि बेकार कुटुंबांसाठी बाजूला काढा. तो वाटायला सात जण नेमा, त्यात निम्म्याहून जास्त बाया असू द्या, कारण कुणाच्या घरी पीठ संपलंय हे त्यांना आधी कळतं.

गेल्या आठवड्यात मी मावशींकडे गेले होते. मेजावरचं कापड त्यांनी धुऊन ठेवलं होतं. माझ्या हातात देत म्हणाल्या, 'तुम्हीच घेऊन जा बाई, मला आता पुढे यायला बरं नाही वाटत.' मी ते घेतलं नाही. त्यांना म्हटलं, पहिल्या रविवारी तुम्हीच घेऊन या.

त्या येतील. मी सिडकोत जाऊन त्यांना घेऊन येणार आहे. करिंथकरांच्या त्या अध्यायाच्या शेवटी पौलाने एवढंच सांगितलंय की भोजनास जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. यादी मागे घेतलेली नसेल, तर आमच्या ओळीची पाळी आल्यावर मी उठणार नाही. मावशींच्या शेजारी बसून राहीन, आणि त्यांना बोलावलं जाईपर्यंत दर महिन्याला तशीच बसेन. महिला संघातल्या आणखी काही जणींनी बसायचं ठरवलं आहे.

आपल्या मंडळीची एक सभासद
नाशिक